चूक टाकसाळीची की मार बाजाराचा?

आजचा भाग ऐकायच्या आधी एक काम करा. खिशात, पर्समध्ये, गाडीच्या डॅशबोर्डवर, जिथे असेल तिथून एक नाणं काढून हातात घ्या. कुठलंही चालेल. यूपीआय आल्यापासून नाणं शोधायलाच पाच मिनिटं जातात हे मला माहीत आहे, मी थांबते. हे लिखित रूप वाचणाऱ्यांनीसुद्धा शोधा, नुसतं स्क्रोल करू नका.

मिळालं? आता सालाच्या खाली बघा. तिथे हिऱ्यासारखा बारीक चौकोन असेल तर तुमचं नाणं मुंबईच्या टाकसाळीत पाडलेलं आहे. तारा असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. आपल्याकडे सरकारच्या या चार टाकसाळी. म्हणजे तुमच्या हातातला तो रुपया कुठे जन्मला हे त्याच्यावरच लिहिलेलं आहे. जन्मल्यावर त्याचं काय काय झालं हे मात्र कुणी लिहून ठेवत नाही, ते आपल्याला वाचावं लागतं. आज आपण तेच वाचायला शिकणार आहोत.

कारण सध्या मोबाईलवर एक साथ आलीय. 'हे नाणं तुमच्याकडे आहे? लगेच लखपती व्हा!' असे व्हिडिओ. त्यात एखादं वेडंवाकडं नाणं दाखवतात, कडेचा तुकडा उडालेलं, अक्षरं दोनदा उमटलेलं, नाहीतर मधोमध भोक असलेलं. आणि सांगतात की हे 'एरर कॉइन' आहे, टाकसाळीची चूक आहे, लाखोंची वस्तू आहे. टाकसाळीत चुका होतात हे खरं. पण लोकांच्या घरात सापडणारी बहुतेक वेडीवाकडी नाणी टाकसाळीतून अगदी धडधाकट बाहेर पडलेली असतात. त्यांचं जे काही झालं ते नंतर, बाजारात, चुलीत, लोहाराकडे, नाहीतर समुद्रात.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रश्न रोज पडतो. ॲप बिघडलं. आता हा बग आमच्या बिल्डमध्येच होता, की युजरनं फोन पाण्यात पाडला? दिसायला दोन्हीकडे स्क्रीन काळीच. फरक एवढाच की कधी झालं. नाण्याला पण हा एकच प्रश्न विचारायचा: ठसा पडताना झालं, की ठसा पडून गेल्यावर?

पण त्याआधी थोडं मागे जाऊ. कारण 'नाण्यातली चूक' ही कल्पनाच मुळात तशी नवीन आहे.

माझं गाव मिठबाव. कुणकेश्वर आणि आचऱ्याच्या मधे, कड्यावर गजबादेवी आणि खाली लांबच लांब पुळण. किनाऱ्यानं खाली मालवणला गेलात की सिंधुदुर्ग किल्ला. त्याचं बांधकाम सुरू झालं १६६४ मध्ये. त्यानंतर दहा वर्षांनी, १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला, आणि महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं लोकांच्या हातात आलं. शिवराई. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति', भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. कोकणात आजही कितीतरी घरांत देव्हाऱ्यात एखादी शिवराई असते, कुंकू लागून लागून लाल झालेली.

आता ती शिवराई नीट बघा. ती गोल नसते. कुठे चपटी, कुठे कोपरा आल्यासारखी. 'श्री' अर्धी बाहेर गेलेली, 'शिव'मधला 'व' गायब, ठिपक्यांचं वर्तुळ एका बाजूला आहे आणि दुसऱ्या बाजूला नाहीच. आजच्या नाण्यावर असं झालं असतं तर त्याला 'ऑफ सेंटर' म्हणून संग्राहकांनी उचलून धरलं असतं. शिवराईत ते नेहमीचं आहे, आणि त्याचं कारण साधं आहे. खालचा ठसा ऐरणीसारखा घट्ट बसवलेला. त्यावर तांब्याची चकती. वरचा ठसा हातात धरायचा आणि घण घालायचा. चकतीला बाजूनं आवळून धरणारं काही नाही, त्यामुळे धातू जिकडे वाट मिळेल तिकडे पसरतो, कडेला चिरा पडतात. आणि मुख्य म्हणजे ठशावरचं कोरीव काम चकतीपेक्षा मोठं असायचं. पूर्ण मजकूर एका नाण्यावर मावणारच नाही, हे जवळजवळ ठरलेलंच. ठसे हातानं कोरलेले, तेही उलटे, त्यामुळे एका ठशात ऱ्हस्व तर दुसऱ्यात दीर्घ, अक्षरांची वळणंही वेगळी.

मग याला चूक म्हणायचं का? स्पेसिफिकेशनच नाही तर बग कसला! लोक शिवराई तांब्याच्या वजनावर आणि राजाच्या नावावर घेत होते. 'व' दिसतोय की नाही याच्याशी भाजीवालीला काही देणंघेणं नव्हतं. उलट आज संग्राहक जास्त पैसे मोजतात ते जिच्यावर सगळी अक्षरं पूर्ण आलीत अशा शिवराईला. म्हणजे जुन्या नाण्यात 'बरोबर' आलेलं दुर्मिळ, आणि नव्या नाण्यात 'चुकलेलं' दुर्मिळ.

इथे एक गोष्ट जाता जाता सांगून टाकते. किल्ल्यांच्या पायथ्याशी, जत्रेत, ऑनलाइनही नकली शिवराया ढिगानं मिळतात. त्या घणानं पाडलेल्या नसतात, साच्यात ओतलेल्या असतात. भिंगातून बघितलं की पृष्ठभागावर बारीक गोल खड्डे दिसतात, बुडबुडे फुटल्यासारखे, आणि काठावर कधी कधी साच्याच्या जोडाची रेघ. सगळ्यात सोपी खूण म्हणजे विक्रेत्याच्या ताटलीतल्या दोन शिवराया शेजारी ठेवा. दोघींचा आकार सारखा, चीरसुद्धा त्याच जागी, तर निघा तिथून. हातानं पाडलेली दोन नाणी जुळी नसतात.

आता चांदीकडे येऊ. पेशवाईत आणि त्याआधीपासून सराफाकडे रुपया आला की तो त्याच्याकडे नुसतं बघून गप्प बसायचा नाही. वरून चांदी आणि आत तांबं असा रुपया बाजारात असायचा. मग सराफ छोटा पंच घेऊन रुपयावर एक टोचा मारायचा, आत पांढरं आहे की लाल ते बघायचा, आणि ती त्याची खूणही व्हायची: हा माझ्याकडून तपासून झालाय. कुणाची चांदणी, कुणाचं फूल, कुणाची नुसती रेघ. दहा बाजार फिरलेल्या रुपयावर असे दहा टोचे. एका गावचा रुपया दुसऱ्या गावात चालवायचा तर त्यावर कसर कापली जायची, तिला म्हणायचे बट्टा. झिजलेला, टोचलेला, परगावचा, प्रत्येकाचा बट्टा वेगळा. आपण आज 'घराण्याच्या नावाला बट्टा लावलास' म्हणतो ना, तो बट्टा या पेढीवरून आलाय.

हे सराफी टोचे काटेकोर भाषेत 'डॅमेज'. टाकसाळीनंतर झालेलं, म्हणजे डॅमेजच. काही संग्राहक असे रुपये बाजूला सारतात. मला ते पटत नाही. एका रुपयावर चार गावच्या चार सराफांनी सही केलीय, यापेक्षा जास्त इतिहास तुम्हाला एका ग्रॅमात कुठे मिळणार? पण त्याला 'टाकसाळीची चूक' म्हणून विकणं ही लबाडी. टोचा ओळखायला सोपा असतो. तो आत दबलेला असतो, अक्षरांच्या डोक्यावरूनही जातो, आणि कित्येकदा नेमकी त्याच जागी नाण्याच्या मागच्या बाजूला किंचित चपटी फुगवटी असते. ठसा आधी पडला, टोचा नंतर, हा क्रम स्पष्ट दिसतो.

या सगळ्या हातकामाला मुंबईत पूर्णविराम मिळाला तो १८३० च्या सुमारास. फोर्टमध्ये, आज रिझर्व्ह बँक आहे त्याच्यासमोर, मेजर जॉन हॉकिन्स या बॉम्बे इंजिनियर्सच्या अधिकाऱ्यानं नवी टाकसाळ बांधली. यंत्रं आली इंग्लंडातून, बोल्टन आणि वॅट यांच्याकडून, वाफेवर चालणारी. ती इमारत अजून उभी आहे आणि टाकसाळही अजून तिथेच आहे. पाठोपाठ १८३५ च्या कायद्यानं कंपनीच्या मुलखात एकच रुपया आला, वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. हाच आपला एक तोळा. जुनी माणसं 'रुपयाभार' म्हणतात ते हे.

यंत्र आलं आणि सगळे रुपये एकसारखे दिसायला लागले. तेव्हापासून 'हा वेगळा आहे' या वाक्याला अर्थ आला.

तरी वेगळं दिसतं ते सगळं चूक नसतं. राणी व्हिक्टोरियाचा १८६२ चा रुपया घ्या. टाकसाळींनी हेच साल पुढे दहा-बारा वर्षं तसंच छापलं. मुंबईच्या रुपयांवर मग सालाच्या आसपास जादा ठिपके दिसतात, कुठे एक, कुठे चार, कुठे त्याहून जास्त. ते ठिपके मोजून खरं वर्ष ताडायची पद्धत संग्राहकांनी बसवलीय. ते ना चूक, ना डॅमेज. टाकसाळीनं मुद्दाम ठेवलेला व्हर्जन नंबर म्हणा हवं तर.

आणि १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया. त्यावर राजाच्या झग्यावर एक छोटा हत्ती आहे, पण सोंड इतकी आखूड कोरली गेली की लोकांना ते डुक्कर वाटलं. हिंदू-मुसलमान दोघंही संतापले. सुमारे ९४ लाख रुपये पाडून झाले होते, त्यातले सात लाखांच्या आसपास बाजारात गेले होते. उरलेले वितळवले आणि १९१२ पासून सोंड लांब केली. याला लोक 'पिग रुपी' म्हणून एरर कॉइन समजतात. पण प्रत्येक नाणं अगदी ठशाबरहुकूम निघालं होतं! चुकलं ते डिझाइन. टाकसाळीनं बिचारीनं तिला दिलं ते छापलं.

बरं, आता खरी चूक कशी होते ते बघू. त्यासाठी यंत्रात एक फेरी मारावी लागेल.

धातूची लांब पट्टी येते. तिच्यातून पंच पडून गोल चकत्या कापल्या जातात, बिस्किटाच्या कणकेतून वाटीनं गोल कापतो तशा. मग त्या भट्टीत तापवून मऊ करतात. मग त्यांच्या कडा दाबून काठ थोडा उंच करतात. आणि शेवटी वरचा ठसा, खालचा ठसा आणि बाजूनं कडं, ज्याला कॉलर म्हणतात, यांच्यात चकती सापडते आणि एका दणक्यात नाणं होतं. शिवराईच्या वेळी जे कडं नव्हतं ते इथे आहे, म्हणून आजचं नाणं गोल.

यातली प्रत्येक पायरी आपापली चूक करते, आणि प्रत्येक चुकीची सही वेगळी असते. माझी सगळ्यात आवडती सही सांगते, कारण हिच्यावरून आमच्या गावातलं एक प्रकरण निकालात निघालं.

गेल्या मे महिन्यात मी गावी होते. शेजारच्या काकी एक रुपयाचं नाणं घेऊन आल्या. रुपयाचं चिन्ह असलेलं, म्हणजे २०११ नंतरच्या डिझाइनचं. एका बाजूनं तुकडा गेलेला. "चेडवा, ह्या बघ गो. ह्येका दोन लाख गावतत म्हणे, खरा काय?" त्यांनी एका व्हिडिओखाली नंबर दिला होता, तिकडून फोन आला होता. समोरचा अगदी अदबीनं बोलत होता. नाणं पक्कं झालंय, फक्त नोंदणीचे दीड हजार आधी पाठवा, मग आमचा माणूस घरी येऊन रोख देईल. काकींनी पैसे काढून ठेवले होते. आंब्याच्या पेट्यांचे.

मी म्हटलं, काकी, पैसे राहूदेत, आधी नाणं बघूया.

पट्टीतून चकती कापताना पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही तर पुढचा पंच आधीच्या भोकावर थोडा चढतो. मग चकतीचा चंद्रकोरीसारखा तुकडा आधीच गेलेला असतो. ही खरी टाकसाळीची चूक. आता ही अपुरी चकती पुढच्या पायरीला, काठ उंच करायला जाते. तिथे चकती दोन्ही बाजूंनी दाबत फिरवतात. तुटलेली बाजू जेव्हा दाबाखाली येते, तेव्हा तिथे दाबायला काहीच नसतं, म्हणून तिच्या बरोब्बर समोरच्या बाजूलाही दाब बसत नाही. परिणाम असा की खऱ्या 'क्लिप' नाण्याचा काठ तुटक्या जागेच्या समोरच्या टोकाला अशक्त असतो, पुसट, कधी जवळजवळ नसल्यासारखा. याला ब्लेकस्ली इफेक्ट म्हणतात. घरी बसून कानस मारणाऱ्याला हे जमत नाही, कारण तो कापतो तेव्हा काठ आधीच पक्का झालेला असतो. शिवाय खऱ्या चुकीत तुटकी जागा ठसा पडायच्या आधीची असते, त्यामुळे दणका बसताना धातू त्या मोकळ्या बाजूकडे ओढला जातो, जवळची अक्षरं कडेकडे ताणल्यासारखी, थोडी निस्तेज दिसतात.

काकींच्या नाण्याला समोरचा काठ कसा होता? एकदम भक्कम. तुटक्या कडेला अक्षर सुरीनं केक कापावा तसं सरळ कापलेलं, आणि कडेवर बारीक समांतर ओरखडे, कानशीचे. मोबाईलचा टॉर्च बाजूनं मारून फोटो काढला आणि मोठा करून त्यांना दाखवला. त्यांनी दोन मिनिटं तो बघितला, मग म्हणाल्या, "म्हणजे कोणी मुद्दाम कापल्यान." हो. कुणी, कशासाठी, देव जाणे.

यातली गंमत अशी की नाणे कायदा २०११ प्रमाणे विद्रूप केलेलं नाणं कायदेशीर चलनच राहत नाही. दोन लाखांचं म्हणून आलेलं ते नाणं कायद्यानं एका रुपयाचंही नव्हतं. नाणी वितळवायला आणि नष्ट करायलाही याच कायद्यात मनाई आहे, तेव्हा रुळावर रुपया ठेवून कोकण रेल्वे जायची वाट बघणाऱ्या मित्रांनी ऐकून घ्या. रुळावर चपटं झालेलं नाणं पण लोक 'एरर' म्हणून दाखवतात. ते पसरट असतं म्हणून 'कडं नसताना पाडलेलं' असा दावा करतात. टाकसाळीत कडं निसटलं तरी नाणं पसरतं खरं, पण तेव्हा अक्षरं ठसठशीत राहतात, कारण पसरणं आणि ठसा एकाच दणक्यात झालेलं असतं. गाडीखालच्या नाण्यावर अक्षरंही चपटी होऊन वाहून गेलेली असतात.

आणखी एक खूण, ही मी सगळ्यात आधी तपासते. नाण्यावर जादा रेघ आहे? मग ती उठावाची आहे की खोल, ते बोटाच्या नखानं आणि तिरक्या उजेडात बघा. ठशाला चीर पडली तर त्या चिरेत धातू शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ येते. नाण्यावर नंतर ओरखडा पडला तर रेघ खोल जाते. नंतरच्या माराने धातू हलतो, खणला जातो, पण नवा धातू उगवून उंच रेघ होत नाही. अपवाद आहेत. ठसा आणि चकतीच्या मधे एखादा धागा किंवा भुसा अडकला तर टाकसाळीतच खोल खूण उमटते. पण तशा खुणेच्या कडा गोलसर, शांत असतात. ओरखड्याच्या कडेला धातूची बारीक वरंब उठलेली असते, नांगर फिरल्यावर मातीची उठते तशी.

अक्षर किंवा सालातला आकडा गायब असेल तर? ठशाच्या खोबणीत ग्रीस आणि भुकटी साचली की तेवढं अक्षर उमटत नाही. तिथला पृष्ठभाग बाकीच्या नाण्यासारखाच गुळगुळीत, त्याच चमकेचा असतो. घासून काढलेलं असेल तर तेवढीच जागा वेगळी चमकते, थोडी खोलगट असते.

मग येतं सगळ्यात नाट्यमय प्रकरण. एका बाजूला नेहमीचा छाप, आणि दुसऱ्या बाजूला तोच छाप पण आरशातल्यासारखा उलटा आणि आत गेलेला. इंग्रजीत ब्रॉकेज, आपल्याकडचे संग्राहक याला 'लखी' म्हणतात. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहिलं आणि पुढच्या चकतीवर ठशाऐवजी त्या नाण्याचाच ठसा पडला, की हे होतं. याची नक्कल वर्कशॉपमध्ये होते. दोन नाणी व्हाइसमध्ये धरून कचकचून आवळतात. पण आवळलेलं नाणं आधीच पाडलेलं होतं, त्यामुळे उलट्या छापाखाली मूळ छाप दबलेल्या भुतासारखा दिसत राहतो. खऱ्या लखीत त्या बाजूला मूळ छाप कधी पडलेलाच नसतो.

ठसा फिरलेला असणं, म्हणजे एक बाजू सरळ धरून पान उलटावं तसं नाणं डावीकडून उजवीकडे फिरवलं तर दुसरी बाजू तिरकी किंवा उलटी येणं, ही चूक मात्र नंतर कुणाला करताच येत नाही. म्हणून घरच्या डब्यात पहिल्यांदा हीच शोधा. फुकट आहे, भिंगही लागत नाही.

डब्यावरून आठवलं. आमच्या घरी आजीच्या वेळचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात जड ढब्बू पैसे, नक्षीच्या कडेची दहा पैशांची ॲल्युमिनियमची नाणी, वीस पैशांची षटकोनी, आणि २०११ च्या ३० जूनला चलनातून गेलेले चार आणे. त्यात दोन भोकाची नाणी आहेत आणि ती दोघं मला नेहमी शेजारी ठेवून बघायला आवडतात.

एक आहे भोकाचा पैसा. दुसऱ्या महायुद्धात तांब्याची टंचाई झाली तेव्हा, १९४३ ते १९४७, सरकारनं मधोमध भोक असलेला पैसा काढला. कमी धातूत जास्त नाणी. त्याच्या भोकाला नीट किनार आहे, काठाला असते तशीच, आणि छाप त्या भोकाभोवतीच मांडलेला आहे. दुसरं नाणं चांदीचं, त्यालाही भोक, पण काठाजवळ, राजाच्या मुकुटाच्या वर. ते सोनारानं पाडलेलं, गळ्यात घालायला. भोकाच्या मागच्या बाजूला धातू उलटून आलाय आणि दोऱ्यानं आतली कड झिजून गुळगुळीत झालीय. पहिल्यात चूकही नाही आणि डॅमेजही नाही. दुसऱ्याची नाणं म्हणून किंमत पडलीच. पण कुणाच्या तरी बाळाच्या गळ्यात ते पडलं होतं आणि आमच्या घरात ते विकायचा विषय कधी निघणार नाही.

आमच्या किनाऱ्याचा एक स्वतंत्र प्रकार आहे, तो पण सांगते, कारण तुमच्यापैकी बरेच जण दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठे ना कुठे पाणी बघत वाढलायत. खाडीच्या पुलावरून लोक पाण्यात पैसे टाकतात. भरती-ओहोटीनं ती नाणी पुळणीवर येतात. वाळूत वर्षभर लोळलेलं नाणं चारही बाजूंनी सारखं झिजतं. काठ गोल होतो, अक्षरं साबणासारखी मऊ होतात, वजन घटतं. तांबं-पितळ हिरवं पडतं, ॲल्युमिनियमला पांढरी भुकटी धरते आणि खड्डे पडतात, आणि ज्याला आपण गंजत नाही म्हणतो त्या स्टीलच्या रुपयालाही खाऱ्या वाऱ्यात तपकिरी डाग पडतात. असं पातळ, पुसट नाणं 'चुकीच्या धातूवर पाडलंय' म्हणून कुणी दाखवलं तर वजन करा. पण वजनाबरोबर व्यास पण मोजा. २०११ च्या डिझाइनचा रुपया ३.७९ ग्रॅमचा आणि साधारण २२ मिलिमीटरचा. दोन रुपये ४.८५ ग्रॅम, पाच रुपये ६ ग्रॅम, दहाचं नाणं ७.७१ ग्रॅम. सोनाराच्या काट्यावर कुणीही करून देतं. आणि चुंबक लावा. स्टीलचा रुपया चिकटतो, जुनं तांबं-निकेलचं दोन रुपयांचं नाणं चिकटत नाही. ॲसिडमध्ये बुडवलेलं, गॅसवर तापवून रंगीत केलेलं, वरून सोनेरी मुलामा दिलेलं, सगळं या तीन चाचण्यांत बऱ्यापैकी उघडं पडतं.

फक्त कृपा करून घासू नका. चिंच, टूथपेस्ट, कोलगेटची पावडर, काही नको. खरी चूक असलेलं नाणं असेल तर ते घासल्यावर तुम्हीच त्याला डॅमेज केलंत. देव्हाऱ्यातल्या शिवराईला तर अजिबात हात लावू नका. आणि जमिनीत खणताना जुन्या नाण्यांचा साठा सापडला तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. त्या कायद्यात मर्यादा आहे दहा रुपये! तेव्हाचे दहा रुपये, पण आकडा अजून तोच.

दहावरून आणखी एक. मध्यंतरी दहाचं नाणं 'खोटं आहे' म्हणून दुकानदार, रिक्षावाले घेईनात. कारण काय, तर एकावर रुपयाचं चिन्ह आहे आणि दुसऱ्यावर नाही, एकावर रेघा वेगळ्या, चित्र वेगळं. रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये पत्रक काढून सांगावं लागलं की दहाची नाणी तोपर्यंत १४ वेगवेगळ्या डिझाइनमध्ये आलेली आहेत आणि सगळी चालतात. म्हणजे एकीकडे खरं नाणं खोटं म्हणून परत येत होतं, आणि दुसरीकडे कापलेलं नाणं लाखाचं म्हणून विकलं जात होतं. दोन्हीकडे नाण्याकडे बघितलं कुणीच नव्हतं.

आणि त्या फोनवाल्यांबद्दल. ४ ऑगस्ट २०२१ ला रिझर्व्ह बँकेनं आणखी एक पत्रक काढलं. बँकेचं नाव आणि लोगो वापरून जुन्या नाण्यांच्या, नोटांच्या खरेदी-विक्रीसाठी फी, कमिशन, कर मागणारी मंडळी फिरतायत, आमचा त्यांच्याशी संबंध नाही, आम्ही असे पैसे कधी मागत नाही, असं स्पष्ट लिहिलं. खरा संग्राहक तुम्हाला पैसे देतो, तुमच्याकडून घेत नाही. शिवाय खऱ्या एरर नाण्यालाही गिऱ्हाईक मिळावं लागतं, भाव नाण्यागणिक बदलतो, आणि त्या व्हिडिओतले लाखांचे आकडे त्यात क्वचितच कुठे बसतात. वैष्णोदेवीचं पाच-दहा रुपयांचं नाणं तर २०१२ मधलं स्मारक नाणं आहे, त्यात चूक शोधायला काहीच नाही, तरी त्याच्या नावानं किती व्हिडिओ बनलेत ते बघा.

काकींनी तो नंबर ब्लॉक केला. म्हणजे मी करून दिला, त्यांना सापडत नव्हतं कुठे असतं ते. नाणं त्यांनी परत नेलं, टाकलं नाही.

ज्यांना हे सगळं हातात घेऊन बघायचंय त्यांच्यासाठी दोन जागा. मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे, आणि नाशिकजवळ अंजनेरीला मुद्राशास्त्र संशोधन संस्था आहे, तिथलं संग्रहालय त्र्यंबकेश्वरला जाताना वाटेतच लागतं. शिवराईपासून आजच्या रुपयापर्यंत काय बदललं ते तिथे काचेतून नीट दिसतं.

आणि तुमच्या डब्यातलं एखादं नाणं मला पाठवायचं असेल तर फोटो पाठवा, पण तीन. दोन्ही बाजू आणि काठ. उजेड बाजूनं घ्या, फ्लॅश बंद. सोबत वजन लिहा. फिरलेला ठसा कुणाला सापडला तर मला आधी सांगा हं, पुढच्या भागाच्या सुरुवातीला त्याचंच बघू.